पहिल्या रांगेत बसावंच लागतं

स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या फ्रिंज महोत्सवाला जाऊन आलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, कोणाकोणाला बघितलंस? म्हणजे टीव्हीवर दिसणारी, नाव असलेली माणसं. त्यांचेही शो असतात तिथे, मोठ्या हॉलमध्ये, तिकिटं कधीच संपलेली वगैरे. पण मी ऑगस्टात एडिंबराला गेले ते मुद्दाम बाकीच्यांसाठी. पबच्या मागची खोली, चर्चचा हॉल, पुलाखालचं तळघर, वर्गात काळे पडदे टांगून केलेलं थिएटर, जिथे प्रेक्षक मोजायला हाताची बोटं पुरतात असे शो. आणि मला लिहायचंय तेही त्या नटांबद्दल कमी आणि समोर खुर्चीत बसलेल्या माणसाचं काय काय होतं त्याबद्दल जास्त, कारण त्यावर कोणी फारसं बोलत नाही.

थोडं मागचं सांगते. १९४७ ला एडिंबरात आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला तेव्हा आठ नाट्यसंस्था बोलावणं नसताना येऊन धडकल्या आणि जागा मिळेल तिथे त्यांनी प्रयोग लावले. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प नावाच्या नाटककार-पत्रकाराने अधिकृत महोत्सवाच्या कडेकडेने चाललेल्या या नाटकांबद्दल लिहिताना 'फ्रिंज' म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तत्त्व अजून तेच आहे, निवड समिती नाही. ज्याला जागा मिळाली आणि पैसे भरता आले तो आला. २०१९ ला ३,८०० च्या वर शो होते! ऐकायला भारी वाटतं, पण प्रेक्षकासाठी याचा अर्थ एवढाच की आपण जे बघायला चाललोय ते आपल्याआधी कोणी पारखून घेतलेलं नाही. आपल्याकडे दादरच्या छबिलदास शाळेत प्रयोग व्हायचे तेव्हा निदान संस्थेच्या नावावरून थोडा अंदाज यायचा असं जुनी मंडळी सांगतात, इथे बहुतेक वेळा तेही नाही. चाळणी आपणच व्हायचं.

आता निवडायचं कसं? पोस्टरवर तारे असतात, चार तारे, पाच तारे, आणि नवीन परीक्षण आलं की त्याची पट्टी छापून फ्लायरवर स्टेपल करतात. दोन दिवसांत माझा त्यावरचा विश्वास उडाला, कारण रस्त्यावर तीन तारेवाला शो दिसतच नाही, एक तर पाच नाहीतर चार नाहीतर ताऱ्यांचा उल्लेखच नाही. त्यापेक्षा रॉयल माइल या रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. तिथे दर चार पावलांवर कोणीतरी फ्लायर हातात कोंबतं आणि छोट्या शोच्या बाबतीत ते कोणीतरी म्हणजे बरेचदा तो नट किंवा ती लेखिका स्वतःच असते, घसा बसलेला, पावसात भिजलेला रेनकोट, तरी हसतमुख. मी सगळ्यांना एकच विचारायचे, स्टेजवर नक्की होतं काय? जे म्हणाले 'अत्यंत हृदयस्पर्शी प्रवास आहे' त्यांना थँक यू. एक मुलगा म्हणाला, 'मी पन्नास मिनिटं एक तंबू उभारायचा प्रयत्न करतो आणि तो उभा राहत नाही.' त्याच्याकडे गेले. तंबू खरंच उभा राहिला नाही, मजा आली.

यात एक गोची आहे मात्र. रस्त्यात दोन मिनिटं बोललेल्या माणसाचा शो बघायला गेलं की आपण तिऱ्हाईत राहत नाही. तो आपल्याला ओळखतो! अंधारात येताना आपल्याकडे बघून बारीकसं हसतो, आणि मग तासभर आपण त्याचे पाहुणे.

वेळापत्रकाबद्दल एकच सांगते कारण त्यावर ढीगभर सल्ले मिळतात. शो साधारण तासाभराचा किंवा त्याहून कमी, लगेच त्याच जागेत दुसऱ्याचा, मधल्या दहा-पंधरा मिनिटांत पहिल्याचा सेट बाहेर आणि दुसऱ्याचा आत. त्यामुळे उशीर झाला की बहुतेक ठिकाणी दार बंद म्हणजे बंद. आणि नकाशावर एडिंबरा सपाट दिसतं पण ते आहे दोन मजली. जॉर्ज द फोर्थ ब्रिज हा पूल आणि काऊगेट हा रस्ता नकाशात एकमेकांना छेदतात म्हणून माझ्याबरोबर आलेली मैत्रीण निवांत चालत होती, तर पूल वर आणि काऊगेट खाली खोलात, जिने शोधून उतरा. पण माझ्या मते दोन शोंच्या मध्ये वेळ हवा तो चालण्यासाठी नाहीच, तो डोक्यातून आधीचा शो उतरायला हवा असतो. एकामागून एक बघितले की तिसऱ्यातल्या बाईचं दुःख पहिल्यातल्या बाईच्या नावावर जमा होतं.

तर पहिली रांग. छोट्या शोला दारातला स्वयंसेवक प्रेमाने सांगतो, पुढे बसा हं सगळे. सहा जण असले तर सहाही पुढे. (तिथल्या नटांमध्ये म्हणतात की फ्रिंजचा सरासरी प्रेक्षक म्हणजे सहा माणसं. ही दंतकथाच असावी, पण सगळे ती इतक्या आनंदाने सांगतात की काय बोलणार.) पुढे बसलं की स्टेजचा प्रकाश आपल्या तोंडावर पडतो आणि नटाला आपण जितके दिसतो तितका तो आपल्यालाही दिसत नसेल. मग आपलंही नाटक सुरू होतं. कोणी एकटी उभी राहून आपल्या घटस्फोटाबद्दल बोलतेय आणि तिची नजर फिरत फिरत माझ्यावर येतेय, अशा वेळी चेहरा कोरा ठेवायचा म्हणजे क्रूरपणा वाटतो, म्हणून मान डोलवायची, भुवया जवळ आणायच्या, विनोद नसला तरी नाकातून फुस्स करून हसायचं. शो संपल्यावर बाहेर येऊन वही उघडली तर लिहायला काहीच नाही! मला तो शो आवडला का? माहीत नाही, मी तर कामात होते. त्यानंतर मी मान डोलवणं बंद केलं, नुसतं बघायचं ठरवलं, आणि गंमत म्हणजे नटांना त्याने काही फरक पडत नाही. उलट एका बाईने नंतर सांगितलं की जो माणूस सतत मान हलवतो त्याच्याकडे आम्ही बघायचं टाळतो, तो ऐकत नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दया. याबद्दल जरा स्पष्ट बोलते. या छोट्या शोवाल्यांचं गणित आता सगळ्यांना माहीत आहे. जागेचं भाडं, नोंदणी, छपाई, आणि ऑगस्टात एडिंबरात राहायच्या खोल्यांचे दर असे की ऐकून गरगरायला होतं. बहुतेक जण पैसे घालवून घरी जातात. त्यांच्या डोळ्यांसमोर २०१३ असतं, त्या वर्षी फीबी वॉलर-ब्रिज या ब्रिटिश नटी-लेखिकेने अंडरबेलीच्या एका छोट्या जागेत 'फ्लीबॅग' हा एकपात्री प्रयोग केला आणि पुढे त्याची टीव्ही मालिका होऊन ती जगभर पोचली. असं होतं, पण हजारोंत एखाद्याचं. हे सगळं डोक्यात ठेवून आपण अर्ध्या रिकाम्या खोलीत बसतो आणि शेवटी टाळ्या वाजवताना त्या शोसाठी वाजवतोय की त्या माणसाच्या खोलीभाड्यासाठी हेच कळत नाही. एका रात्री मी उभं राहून टाळ्या वाजवल्या अशा नाटकाला, ज्यात मी मनातल्या मनात दुसऱ्या दिवशीचे कपडे ठरवत होते.

मग मी एक वेगळी सोय लावली. दया असेल ती बादलीत. तिथे फ्री फ्रिंज नावाचा प्रकार आहे, पीटर बकली हिल नावाच्या गृहस्थाने १९९६ ला सुरू केला, जागेचं भाडं नाही, प्रवेश फुकट, शेवटी नट दारात बादली घेऊन उभा, ज्याला जे वाटेल ते टाका. आता बादलीला कार्ड मशीनही चिकटवलेलं असतं त्यामुळे 'सुटे नाहीत' ही सबब गेली. शो आवडो न आवडो, तासभर माणूस आपल्यासाठी राबलाय त्याचे पैसे बादलीत टाकायचे आणि मत मात्र वेगळं ठेवायचं. हे जमायला लागल्यावर मला एकदम हलकं वाटलं. नाटक वाईट होतं असं मनातल्या मनात म्हणायला मोकळी झाले. आणि वाईट म्हणता यायला लागल्यावर चांगलंही नीट दिसायला लागलं.

उदाहरणार्थ समरहॉल. ही इमारत पूर्वी पशुवैद्यकीय कॉलेज होती आणि तिथलं जुनं प्रात्यक्षिकांचं सभागृह आता थिएटर म्हणून वापरतात, बाकं अशी उभ्या चढणीची की खाली वाकून बघावं लागतं. तिथे दोघांनी एका टेबलावर फक्त वस्तू हलवून गोष्ट सांगितली. एक टेबल लॅम्प, एक रिकामा हातमोजा, चमचे. लॅम्पची मान खाली गेली की लॅम्प म्हातारा. एवढंच. शब्द नाहीत. आणि जिथे एकेकाळी विद्यार्थी वाकून प्राण्याचं शरीर उघडताना बघत असतील तिथे आम्ही वाकून एका हातमोज्याकडे बघत होतो आणि त्या हातमोज्याने एकदा बोटं मिटली तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी माणसाने घशातून एक आवाज काढला, हुंदका म्हणता येणार नाही, पण तसाच काहीसा. त्याला स्वतःलाच लाज वाटली आणि तो खोकला. हा खरा प्रतिसाद. त्या नटांना तो ऐकू गेला असणार, कारण पुढची हालचाल त्यांनी अगदी किंचित उशिरा केली.

आणि मग विद्यार्थ्यांचं एक नाटक, रात्री उशिरा, जागेचं नाव सांगत नाही. जगाचा अंत, बंकर, चार मुलं, सगळे ओरडतायत. अर्ध्याहून जास्त प्रेक्षक त्यांचेच मित्र, जे चुकीच्या ठिकाणी हसत होते. भिंतीपलीकडे दुसऱ्या कोणाचा म्युझिकल चाललेला, धाड धाड ड्रम. मी घड्याळ दोनदा बघितलं (हेही वहीत लिहून ठेवायचे, कितव्या मिनिटाला घड्याळ बघितलं, फार उपयोगी पडतं). पण एका प्रसंगात लाइट गेले, मुद्दाम की खरंच ते कळलं नाही, आणि त्यातला एक मुलगा टॉर्च लावून आपल्या मित्राच्या चेहऱ्यावर धरतो आणि त्याला विचारतो की तुला झोप लागली का. बस. तेवढं अर्धं मिनिट अख्खं नाटक जिवंत होतं.

बाहेर पडताना पंचाईत, चौघेही दारात रांगेत उभे. आता काय बोलायचं? 'ग्रेट शो' म्हणून सटकायचं? ते खोटं. काहीच न बोलता जाणं त्याहून वाईट. मी त्या टॉर्चवाल्याला म्हटलं, ती झोपेची ओळ मला लक्षात राहील. तो पोरगा दचकलाच. म्हणाला, 'ती लिहिलेली नव्हती, लाइट खरंच गेले होते, मला पुढचं काही सुचेना.' शेजारची मुलगी, बहुधा लेखिका, तिने त्याच्याकडे असं बघितलं ना! दुसऱ्या दिवशीपासून ती ओळ ठेवली की काढली देव जाणे. पण तेव्हापासून मी दारात नेहमी एक नेमकी गोष्ट सांगायला लागले, विशेषण न लावता, अमुक वेळी तुम्ही अमुक केलंत ते मला दिसलं, इतकंच. जो शो अजिबात आवडला नाही त्यातही असं काहीतरी सापडतं आणि ते सांगताना खोटं बोलावं लागत नाही.

मध्यरात्रीच्या विदूषकाच्या शोबद्दल फार लिहीत नाही. मला वर ओढलं, डोक्यावर बादली ठेवली, लोक हसले. मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, तू विचारलं नाहीस, हे मी त्याला दारात सांगितलं आणि तो ओशाळला.

आता ज्या शोसाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याबद्दल. दुपारी बाराचा स्लॉट, ग्रासमार्केटजवळच्या एका हॉलची वरची खोली, खिडक्यांना काळे कागद. पन्नाशीची एक बाई, एक टेबल, त्यावर जुना रेडिओ. गोष्ट तिच्या वडिलांची. ते एडिंबराच्या लीथ बंदरातल्या जहाजबांधणीच्या यार्डात कामाला, धातूवर हातोडे पडून पडून कान गेलेले. घरात रेडिओचा आवाज दर वर्षी थोडा थोडा वाढत जातो आणि त्याबरोबर आईचं बोलणं कमी होत जातं. ती बाई रेडिओचं बटण खरंच थोडं थोडं फिरवत राहते, इतक्या हळू की आपल्या लक्षात येत नाही आणि मग एकदम जाणवतं की ती आता ओरडून बोलतेय. मग ती रेडिओ बंद करते. शांतता. बराच वेळ काही नाही. मी विचार करतेय की ही ओळ विसरली का काय, आणि धडाम्! खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आम्ही नऊच्या नऊ जण खुर्चीत उडालो. ती हलली नाही. छातीवर हात ठेवून म्हणाली, 'हे त्यांना कळायचं. इथे.'

बाहेर आल्यावर मी पार विरघळलेली. मला वाटलं बाहेर काहीतरी स्फोट झाला आणि तिने प्रसंगावधानाने तो नाटकात घेतला. मैत्रीण शांतपणे म्हणाली, 'अगं, ती किल्ल्यावरची तोफ आहे. रोज एकला उडते.' खरंच. १८६१ पासून उडतेय, लीथ बंदरातल्या जहाजांना आपली घड्याळं लावता यावीत म्हणून. म्हणजे त्या बाईने बाराचा स्लॉट मागून घेतला असणार, ग्रासमार्केटची जागा शोधली असणार, कारण किल्ला तिथे अगदी डोक्यावर येतो, आणि तासाभराचा सगळा मजकूर असा बसवला असणार की बरोबर एकला ती गप्प बसलेली असेल. माझा तो सगळा थरार ठरवून घडवलेला होता!

यावर आमची वादावादी झाली. मैत्रिणीचं म्हणणं, ही युक्ती आहे, एकदा कळल्यावर त्यात काही उरत नाही. माझं म्हणणं, नाटकातलं सगळं ठरवलेलंच असतं, हिने फक्त शहरालाच कामाला लावलंय. आणि शेवटी एका ओळीसाठी ती रोज तासभर घड्याळाशी शर्यत लावते, जराशी अडखळली, कोणी मधे खोकलं, प्रेक्षक उशिरा बसले, तर तोफ चुकीच्या वाक्यावर उडेल. ही तर केवढी मोठी जोखीम. मैत्रीण म्हणाली, ठीक आहे, पण रविवारी ती तोफ उडत नाही, मग रविवारी काय करते?

म्हणून आम्ही रविवारी परत तिकीट काढून गेलो. एकच छोटा शो दोनदा बघणारी माणसं कमीच असतील, तिने आम्हाला ओळखलं असं मला वाटलं. सगळं तसंच, रेडिओ, बटण, ओरडणं, मग बंद. शांतता. यावेळी मला माहीत होतं काय येणार आहे, म्हणजे काय येणार नाहीये, त्यामुळे शांतता फारच लांबली असं वाटलं. तिने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. एक वाजला. पुढेही काही नाही. मग म्हणाली, 'आज रविवार. रविवारी बाबांचा एक वाजायचाच नाही.' आणि पुढे बोलायला लागली.

मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी. माझ्या नाही. मला सारखं वाटत होतं की ज्यांना तोफेचं माहीत नाही त्या बाकीच्या पाच जणांना हे वाक्य काय कळलं असेल, आणि मला ती थरथरलेली काच हवी होती, छातीत बसलेला तो धक्का हवा होता. मैत्रीण म्हणते, म्हणजे तुला आवाज आवडला, नाटक नाही. असेलही. पण माझा तो प्रतिसाद शरीरातून आला होता, डोक्यात जायच्या आधी, आणि कळल्यावरही तो खोटा झाला नाही. उलट मी आता तिच्या कारागिरीवरही फिदा आहे. मैत्रिणीला रविवारचा शो जास्त आवडला कारण त्यात युक्ती गळून पडली आणि फक्त माणूस उरला. हेही मला पटतं. दोन्ही पटतं म्हटलं की ती आणखी चिडते.

परतल्यावर प्रेक्षकांच्या अभिप्रायांत दोघींनी लिहायचं ठरवलं. मोठ्या शोला आपल्या चार ओळींनी काही होत नाही, पण ज्या शोबद्दल कोणीच लिहिलेलं नाही त्याला आपली एक ओळ उद्या पट्टी होऊन फ्लायरवर लागू शकते, त्यामुळे मी फार जपून लिहिते. तारे देत नाही. काय घडतं ते लिहायचं, पण इथे तेच तर लिहिता येत नव्हतं, तोफेचं सांगितलं की पुढच्या माणसाचा धक्का गेला. तासभर खोडाखोड करून मी लिहिलं की बाई रेडिओचं बटण कसं फिरवते ते बघा, आणि जमलं तर रविवार सोडून कुठल्याही दिवशी जा, कारण विचारू नका. पाठवून झाल्यावर मैत्रिणीचं बघितलं. तिने पाच तारे देऊन एकच ओळ लिहिली होती, रविवारीच जा.